मराठवाड्याचं रान हवेतून लेसरने मोजायचंय? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

हवेतून लेसर सोडून जमीन आणि झाडोरा मोजण्याच्या तंत्राला लायडार म्हणतात. त्याबद्दल जे वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड प्रदेशातल्या उंच, सूचिपर्णी जंगलांवर बेतलेलं असतं. ते वाचून थेट गौताळ्यात किंवा बालाघाटाच्या माळावर उतरलं की काहीच जुळत नाही. आपलं जंगल पानगळीचं, बुटकं आणि विरळ. जमीन बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांची. आणि आपल्याकडचा एक अतिशय मोलाचा अधिवास म्हणजे माळरान, जिथे झाडांची दाटी वाढणं हीच वाईट बातमी असते.

पर्यावरणशास्त्र, भूगोल किंवा प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीतले लोक, वनखात्यात नव्याने आलेले कर्मचारी, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. या वाटेने जाताना ज्या गोष्टी मला कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या, त्या सगळ्या इथे आहेत.

आधी यंत्र काय करतं ते थोडक्यात. विमानाला किंवा ड्रोनला लावलेला स्कॅनर दर सेकंदाला लाखो प्रकाशस्पंद खाली सोडतो. स्पंद पानाला, फांदीला किंवा जमिनीला आपटून परत येतो आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. वेळ मोजण्यात एक नॅनोसेकंद चुकला तर अंतर १५ सेंटिमीटरने चुकतं, इतकं हे काम नाजूक आहे. एकाच स्पंदाचा काही भाग शेंड्यावरून परततो, काही मधल्या फांद्यांवरून, उरलेला जमिनीवरून. झाडाच्या आतली उभी रचना त्यामुळेच कळते. साध्या फोटोतून किंवा उपग्रहाच्या चित्रातून ती मिळत नाही.

## १. आधी प्रश्न कागदावर लिहा

"आमच्या जंगलाचा लायडार करायचाय" हा प्रश्न नाही. "ओढ्याकाठच्या झाडीत झुडपांचा मधला थर टिकून आहे का?" हा प्रश्न आहे. "गेल्या काही वर्षांत या गायरानात वेडी बाभूळ किती पसरली?" हाही आहे. प्रश्न बदलला की हंगाम, उड्डाणाची उंची, खर्च आणि शेवटी काढायचे आकडे, सगळं बदलतं.

इथेच सगळ्यात मोठा सापळा आहे, म्हणून जरा थांबतो. लायडारचे नकाशे बघताना उंच आणि दाट ते चांगलं, बुटकं आणि उघडं ते उजाड, असं मन आपोआप धरून चालतं. मराठवाड्यात हे धोकादायक आहे. कुसळी, पवना, मारवेल अशा गवतांचं उघडं माळरान हे धाविक, चंडोल, काळवीट, चिंकारा आणि लांडग्याचं घर आहे. त्यावर वेडी बाभूळ किंवा रांगेने लावलेलं गिरिपुष्प चढलं, तर लायडारच्या नकाशात उंची वाढलेली दिसेल, आच्छादन वाढलेलं दिसेल, आणि प्रत्यक्षात तिथलं जीवन हरवत असेल. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येतही किमान १ हेक्टर जागेवर १० टक्के छत्र आच्छादन असलं की ते वनाच्छादन, आणि त्याखालच्या वनजमिनी खुरट्या झुडपांच्या. या वर्गवारीचं काम वेगळं आहे. माळरानाचं आरोग्य तिच्यावरून ठरवू नका. प्रश्न लिहिताना शेजारीच लिहून ठेवा: या जागेसाठी चांगला बदल कोणता आणि वाईट कोणता.

## २. पैसे खर्च करण्याआधी फुकटचं बघा

नासाचं जेडी हे उपकरण डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलं गेलं आणि २०१९ पासून त्याची माहिती मिळू लागली. ते सुमारे २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यांमध्ये झाडांची उंची आणि उभी रचना मोजतं. आपला सगळा भाग त्याच्या पट्ट्यात येतो आणि माहिती सगळ्यांना खुली आहे. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या सागवनासारख्या जागी त्याचा पहिला अंदाज चांगला येतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे ठिपके सलग नसतात, मध्ये मोठ्या मोकळ्या जागा राहतात. आणि उताराच्या जागी २५ मीटरच्या ठिपक्यात जमिनीचाच चढउतार झाडाच्या उंचीत मिसळतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या कड्यांवर किंवा कमरेएवढ्या झुडपांच्या माळावर या आकड्यांवर विसंबू नका.

वनखात्याकडेही विचारा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वापकोस या सरकारी कंपनीकडून निवडक वनक्षेत्रांचं लायडार सर्वेक्षण करून घेतलं. जून २०२१ मध्ये १० राज्यांचे प्रकल्प अहवाल जाहीर झाले, त्यांत महाराष्ट्र होता. हेतू मृद आणि जलसंधारणाची कामं आखून जंगलात पाणी-चारा वाढवण्याचा होता. तुमच्या विभागातलं काही क्षेत्र त्यात आलं असेल तर जुनी मोजणी आयती मिळेल. बदल मोजणाऱ्याला जुन्या मोजणीइतकं मोलाचं काही नसतं.

## ३. परवानग्या: वेळ इथेच जातो

हे काम सगळ्यात आधी सुरू करा. जमीन कुणाची आहे त्यावर दार ठरतं.

अभयारण्यात (गौताळा-औट्रमघाट, जायकवाडी, नायगाव मयूर, येडशी रामलिंगघाट, पैनगंगा) अभ्यासासाठी प्रवेश हवा असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे, पण अर्ज स्थानिक वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्यांमार्फत पाठवलेला बरा. त्यांची शिफारस सोबत नसेल तर फाईल विचारणेसाठी फिरून पुन्हा इथेच येते. प्रादेशिक वनक्षेत्रात उपवनसंरक्षकांकडे जा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसील कार्यालयाला पत्र, दोन्ही करा.

ड्रोनसाठी ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. स्कॅनर लावलेला ड्रोन सहसा २ ते २५ किलोच्या 'स्मॉल' वर्गात बसतो, म्हणजे चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनला स्वतःचा ओळख क्रमांक हवाच. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशात हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. चिकलठाण्याच्या आसपास काम असेल तर नकाशा नीट बघा. पितळखोऱ्याची लेणी गौताळ्यातच आहेत, आणि वेरूळ, अजिंठा, दौलताबाद ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं. त्यांच्या जवळ वेगळी परवानगी घ्या.

आणखी एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय व्यक्ती आणि संस्थांना असं सर्वेक्षण करायला नकाशासाठीची वेगळी पूर्वमंजुरी लागत नाही. पण आडव्या दिशेत १ मीटर आणि उभ्या दिशेत ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेची माहिती भारतातच साठवावी आणि प्रक्रियेतून काढावी लागते. ड्रोन लायडार याहून कितीतरी बारीक असतं. तेव्हा परदेशी सर्व्हरवर फाईल चढवून झटपट नकाशा देणाऱ्या सेवा टाळा.

फाईलमध्ये ही कागदपत्रं एकत्र ठेवा आणि त्यांच्या प्रती मैदानावर सोबत न्या:

- संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र आणि दोन पानांचा अभ्यास आराखडा
- क्षेत्राचा नकाशा, कक्ष क्रमांक आणि गट क्रमांकासह
- वनविभागाचा परवाना किंवा ग्रामपंचायतीचा ठराव
- ड्रोनचा ओळख क्रमांक, चालकाचं प्रमाणपत्र, त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा
- स्कॅनर डोळ्यांना सुरक्षित असल्याचं, म्हणजे वर्ग १ चं, उत्पादकाचं पत्र
- जवळच्या पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीपत्राची पोच

शेवटचे दोन कागद क्षुल्लक समजू नका. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी गावंच्या गावं धास्तावली होती, लोक रात्री पहारा देत होते. त्या भीतीची आठवण अजून ताजी आहे. उड्डाणाच्या आदल्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि माळावर मेंढरं घेऊन बसलेले धनगर यांना जाऊन भेटा, यंत्र दाखवा, किती वाजता उडेल ते सांगा. दवंडीसारखा निरोप व्हॉट्सॲपच्या गावगटावर टाकता येतो, पण मेंढपाळापर्यंत तो पोचत नाही. आणि माळाची खरी खबर त्यालाच असते.

## ४. हंगाम निवडा

आपल्या जंगलात लायडारचं निम्मं यश इथे ठरतं. साग, सलई, मोई, पळस उन्हाळ्यात उघडे पडतात. एप्रिल-मे महिन्यात उडालात तर स्पंद थेट जमिनीपर्यंत पोचतात आणि जमिनीचा नकाशा फार सुंदर येतो: नाळी, ओहोळ, सलग समतल चर, दगडी बांध, सगळं. पण त्याच उड्डाणातून छत्र आच्छादन काढलंत तर भरलं जंगल विरळ दिसेल.

ऑक्टोबरमध्ये पानं भरपूर असतात, पण गवतही छातीला लागतं. इथे एक मर्यादा आहे, ती विक्रेता सांगणार नाही. एका स्पंदाची लांबी काही नॅनोसेकंदांची असते, त्यामुळे अर्ध्या मीटरपेक्षा कमी अंतरावरच्या दोन वस्तू बहुतेक यंत्रांना वेगळ्या दिसत नाहीत. गवत आणि त्याखालची जमीन एकाच परतीत मिसळते. गुडघ्याखालच्या गवताची उंची लायडारने मोजायचा आग्रह धरू नका. त्यासाठी चौकट आणि पट्टी घेऊन माणूसच लागतो.

माझा सल्ला असा. जमिनीसाठी एक उड्डाण उन्हाळ्यात, एकदाच. जमीन दरवर्षी बदलत नाही, तोच नकाशा पुढे वापरा. झाडोऱ्यासाठी उड्डाण नोव्हेंबरच्या अखेरीस ते डिसेंबरमध्ये: गवत वाळून बसू लागलेलं, सागाची पानं अजून अंगावर, हवा सकाळी शांत. यातला एक पंधरवडा ठरवा आणि पुढची प्रत्येक फेरी त्यातच ठेवा.

जायकवाडीच्या नाथसागराकाठी मात्र हिवाळ्यात सावध राहा. पट्टकादंब आणि इतर पाहुणे पक्षी तेव्हाच आलेले असतात, त्यांचे थवे उठतील असं उड्डाण करायचं नाही. पाण्यावरून उडवून तसंही काही मिळत नाही: नेहमीच्या स्कॅनरचा अवरक्त प्रकाश पाणी शोषून घेतं आणि नकाशात भोक पडतं. कड्यांवर शिकारी पक्ष्यांची घरटी असतील तर तो भाग सोडून द्या. वनरक्षकाला विचारलं की जागा कळतात.

## ५. उड्डाण करणाऱ्याला काय सांगायचं

बहुतेकांना कंपनीकडून काम करून घ्यावं लागतं. करारात हे शब्दशः लिहा, नाहीतर रंगीत चित्रांची पीडीएफ हातात येते आणि मूळ बिंदू कधीच मिळत नाहीत.

मागायचं ते असं: सगळ्या परतींसह लॅझ फाईल (मूळ बिंदूंची दाबलेली फाईल), प्रत्येक बिंदूचा स्कॅन कोन आणि वेळ, उड्डाणमार्गाची फाईल, जमिनीवर ठेवलेल्या जीपीएस तळस्थानकाची नोंद आणि अचूकतेचा अहवाल. झाडोऱ्याची रचना १ मीटरच्या जाळीवर काढायला दर चौरस मीटरला ४ ते ८ स्पंद चालतात, विमानातून ते मिळतात. ड्रोनमधून सहज १०० बिंदू येतात. बोरी, हिवर, हेकळ अशी झुडपं मोजायची असतील तर ड्रोनच बरा. उड्डाणाच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत निम्मा तरी भाग एकमेकांवर यायला हवा.

काळी माती आणि ओला बेसॉल्ट प्रकाश कमी परत पाठवतात. कागदावर लिहिलेला पल्ला उजळ पृष्ठभागासाठी असतो, म्हणून ८० मीटरच्या आसपास उडवा. घाटाच्या कडेला ड्रोन जमिनीच्या उंचीप्रमाणे वरखाली होत जाईल अशी आखणी हवी, नाहीतर कडा ओलांडताच तो एकदम दरीच्या वर शंभर मीटर जास्त उंचावर जातो: बिंदू विरळ होतात आणि नियमही मोडतो. बीड, धाराशिवच्या पठारावर पवनचक्क्या आणि उच्चदाब तारा आहेत, त्या आधी पायी फिरून नकाशावर उतरवा.

उंचीचा गोंधळ हमखास होतो. उपग्रहावरून मिळणारी उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत आपल्या भागात ६० मीटरहून जास्त फरक पडतो. कोणती उंची दिली आहे ते अहवालात लिहून घ्या. आडव्या दिशेलाही असंच आहे. मराठवाड्याचा जवळजवळ सगळा भाग यूटीएम या नकाशाच्या जाळीपद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बसतो, पण ७८ अंश रेखावृत्त माहूर आणि किनवटच्या मधून जातं. किनवट ४४ व्या पट्ट्यात पडतं. दोन्ही ठिकाणी काम असेल तर एकच पट्टा ठरवून सगळं त्यात आणा.

## ६. जमिनीवर पाय हवेतच

लायडार उंची सांगतं, प्रजाती सांगत नाही. तो धावडा आहे की खैर, हे माणसालाच सांगावं लागतं.

त्यासाठी १७.८४ मीटर त्रिज्येचे गोल आखा. ते बरोबर ०.१ हेक्टर भरतात. मध्यबिंदू साध्या हातातल्या जीपीएसने घेऊ नका, झाडीत तो ५ मीटर किंवा जास्त चुकतो आणि तुमचा गोल भलत्याच झाडांवर बसतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायम स्थानकांचं जाळं महाराष्ट्रात आहे, त्याच्याशी जोडलेलं यंत्र भाड्याने घ्या. प्रत्येक गोलात झाडाचं नाव, छातीच्या उंचीवर म्हणजे १.३७ मीटरवर घेर, उंची, आणि खालच्या झुडपांची नोंद करा. पक्ष्यांची मोजणी त्याच मध्यबिंदूवर, त्याच हंगामात. वनमजुराला सोबत घ्या. पानं गळालेल्या झाडाची साल बघून नाव सांगणारी माणसं तीच आहेत, आणि त्यांच्या कामाचा मोबदला आणि नावाचा उल्लेख दोन्ही द्यायला हवेत.

## ७. बिंदूंची साफसफाई

एक चौरस किलोमीटरला दर चौरस मीटरी १०० बिंदू म्हणजे १० कोटी बिंदू, साधी लॅस फाईल सुमारे ३ जीबी. दाबलेली लॅझ फाईल याच्या खूप खाली येते. १६ जीबी रॅमच्या संगणकावर तुकडे करून काम होतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं: बघायला क्लाउडकंपेअर, साखळी प्रक्रियेला पीडाल, आकडे काढायला आर भाषेतलं लिडआर पॅकेज, नकाशाला क्यूजीआयएस.

क्रम असा: आकाशात तरंगणारे आणि जमिनीखालचे खोटे बिंदू काढा, जमिनीचे बिंदू ओळखा (लॅसमध्ये त्यांचा वर्ग क्रमांक २), जमिनीचा नकाशा बनवा, आणि प्रत्येक बिंदूची उंची त्या जमिनीपासून मोजा. तुकड्यांच्या कडेला २०-३० मीटर जास्तीची पट्टी ठेवा, नाहीतर जोडावर रेघा दिसतात.

जमीन ओळखणारी सूत्रं आपल्या भूमीवर दोन ठिकाणी फसतात. पहिलं, बेसॉल्टचा कडा. सरळ उभी पायरी दिसली की सूत्र तिची धार झाडोरा समजून कापतं आणि कड्यावर नसलेली वीस मीटरची झाडं उगवतात. क्लाउडकंपेअरच्या कापड पद्धतीत (उलट्या केलेल्या बिंदूंवर आभासी कापड पसरून जमीन ओळखणारी पद्धत) तीव्र उताराचा पर्याय निवडा. दुसरं, घाणेरीची जाळी. ती इतकी दाट असते की स्पंद खाली पोचतच नाही आणि जाळीचा माथाच जमीन ठरतो. उन्हाळ्यातलं उड्डाण इथे कामाला येतं. दोन्हींसाठी उभे छेद काढून डोळ्यांनी तपासा. आपोआप आलेल्या नकाशावर मी स्वतः कधीच विश्वास ठेवत नाही.

## ८. आकड्यांपासून जीवसृष्टीपर्यंत

१९६१ साली रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर या भावांनी दाखवलं की पानांचे थर उंचीनुसार जितके विविध, तितकी पक्ष्यांच्या प्रजातींची विविधता जास्त. लायडारने हे थर मोजणं सोपं झालं. ओढ्याकाठच्या झाडीसाठी बिंदू ०.५ ते २, २ ते ५, ५ ते १० आणि १० मीटरवर अशा थरांत वाटा, प्रत्येकातलं प्रमाण काढा. स्वर्गीय नर्तकासारख्या पक्ष्याला मधला थर लागतो. वरचं छत्र शाबूत आणि मधला थर गायब, हे चराई आणि सरपणतोडीच्या जागी हमखास दिसतं, आणि उपग्रहाच्या चित्रात ते झाकलेलं राहतं.

माळरानाला हे मोजमाप लावू नका. तिथे काढायचे आकडे वेगळे: १ मीटरपेक्षा उंच काहीही नसलेलं क्षेत्र किती टक्के, सलग उघडे पट्टे केवढे, आणि उघड्या जागेपासून सर्वांत जवळचं झुडूप किती लांब. हे आकडे वर्षागणिक घसरत असतील तर वेडी बाभूळ पुढे सरकते आहे.

झाडांची मोजदाद वरून करून देतो म्हणणाऱ्यांपासून जपून. शंकूसारख्या शेंड्यांच्या झाडांवर ती पद्धत चालते. बाभूळ, बोर, पळस यांचे पसरट, अनेक खोडांचे घुमट एकमेकांत मिसळलेले असतात. गोलात मोजलेल्या संख्येशी ताडून बघितल्याशिवाय असा आकडा अहवालात टाकू नका.

## ९. दुसरी फेरी

निरीक्षण म्हणजे पुन्हा मोजणं. तोच पंधरवडा, तीच उंची, शक्य तर तोच स्कॅनर. यंत्र बदललं तर दोन्ही फाईली सारख्या घनतेवर आणून मगच तुलना करा. त्याआधी न बदलणाऱ्या जागांवर उंची जुळवून बघा: डांबरी रस्ता, देवळाचं फरसबंद अंगण, सिमेंट बंधारा. तिथेच दोन फेऱ्यांत १० सेंटिमीटरचा फरक येत असेल, तर झुडपं १० सेंटिमीटरने वाढली असं म्हणता येणार नाही.

दुष्काळाच्या वर्षी जंगल लवकर पानं टाकतं, म्हणून फेरीच्या नोंदीत त्या वर्षीचा पाऊस लिहा. तालुक्याचं पर्जन्यमान महसूल मंडळनिहाय मिळतं. जंगल जळालं असेल, जाळरेषा नव्याने काढल्या असतील, गवत कापून नेलं असेल, तर तेही लिहा. मूळ लॅझ फाईली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि एक प्रत, नकाशे आणि मराठीत लिहिलेल्या दोन पानांसह, वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत द्या. फाईलच्या नावात गाव, कक्ष क्रमांक, महिना, वर्ष आणि यूटीएम पट्टा येऊ द्या. पुढची फेरी कदाचित तुमच्याऐवजी दुसराच कुणी विद्यार्थी करेल आणि त्याच्या हाती तेवढंच असेल.